आहारविकारातून सावरणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी सांघिक साहाय्य

आहारविकारातून सावरणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी सांघिक साहाय्य म्हणजे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, आहारतज्ज्ञ, महाविद्यालयातील समुपदेशक आणि कुटुंबीय यांनी एकमेकांशी समन्वय ठेवून विद्यार्थ्यास दिलेली मदत होय. आहारविकार शरीर आणि मन या दोहोंवर एकाच वेळी परिणाम करतात. त्यामुळे कोणत्याही एका तज्ज्ञाचा उपचार सहसा पुरेसा ठरत नाही. या लेखात या पद्धतीची रचना व कार्य दिले असून पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

आहारविकारांचे स्वरूप

आहारविकार हे मानसिक आजार आहेत. ते हट्ट, फॅशन किंवा आहारनियंत्रणाचा अतिरेक नव्हेत. त्यांचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

ॲनोरेक्सिया नर्व्होसा : या विकारात अन्न अतिशय कमी केले जाते, वजन धोकादायकरीत्या घटते आणि तरीही वजन वाढण्याची भीती कायम राहते. १८७३ साली इंग्रज वैद्य विल्यम गल यांनी या विकारास हे नाव दिले. मानसिक आजारांपैकी सर्वाधिक मृत्युदर असलेल्या आजारांत त्याची गणना होते.

ब्युलिमिया नर्व्होसा : या विकारात थोड्या वेळात पुष्कळ खाणे आणि त्यानंतर उलटी, जुलाबाची औषधे, उपास किंवा अतिव्यायाम यांद्वारे त्याची भरपाई करणे, असे चक्र चालते. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन केले. रुग्णाचे वजन बहुधा सर्वसामान्य असल्याने तो दीर्घकाळ लक्षात येत नाही.

अतिभक्षण विकार : यात वारंवार नियंत्रणाबाहेर खाणे होते, परंतु भरपाईचे वर्तन नसते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानसूचीत त्यास स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले.

हे विकार मुलींप्रमाणेच मुलांनाही होतात. आशियातील काही रुग्णांत वजन वाढण्याची भीती स्पष्टपणे आढळत नाही. पोट भरल्यासारखे वाटते, भूक लागत नाही, अशी कारणे ते सांगतात. त्यामुळे निदानास विलंब होऊ शकतो.

स्थानिक पार्श्वभूमी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड आदी तालुक्यांतील बालकुपोषणामुळे हा जिल्हा वारंवार चर्चेत येतो. कुपोषण आणि आहारविकार यांत मूलभूत फरक आहे. कुपोषणात पुरेसे व सकस अन्न मिळत नाही किंवा आजारपणामुळे ते अंगी लागत नाही. ॲनोरेक्सियात अन्न समोर असूनही ते घेण्यास मन अडथळा करते. दोन्ही स्थितींत शरीराची हानी सारखी दिसू शकते. म्हणून कृश विद्यार्थ्यास केवळ 'अशक्त' ठरवून टॉनिक देण्यापूर्वी त्याच्या खाण्याची सविस्तर विचारपूस आवश्यक असते. एकाच व्यक्तीत अन्नटंचाईचा पूर्वानुभव व आहारविकार एकत्रही असू शकतात.

बोईसर हे तारापूर औद्योगिक वसाहतीलगतचे शहर असून येथे विविध राज्यांतून आलेली कामगार कुटुंबे राहतात. पालक पाळ्यांमध्ये काम करीत असल्यास घरातील जेवण एकत्र होत नाही आणि पाल्याने जेवण टाळल्याचे ध्यानात येत नाही. डहाणूपर्यंतची उपनगरी रेल्वेसेवा २०१३ मध्ये सुरू झाली. लोकलने दूरवर शिकायला जाणारा विद्यार्थी पहाटे घर सोडतो. 'कॉलेजात खाल्ले' आणि 'घरी जेवेन' या दोन उत्तरांच्या मध्ये दिवसभराचा उपास झाकला जाऊ शकतो. श्रावण, नवरात्र, एकादशी किंवा रमजान यांतील उपवास हे स्वतः विकार नव्हेत; मात्र सुरू असलेला विकार त्यांच्या आडोशाला राहू शकतो.

पथकाची रचना

मानसोपचारतज्ज्ञ निदान करतात, सोबतचे नैराश्य किंवा चिंताविकार तपासतात आणि आवश्यक तेथे औषधे देतात. फिजिशियन नाडी, रक्तदाब, वजन व रक्तातील क्षारांवर लक्ष ठेवतात. वारंवार उलट्यांमुळे पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला ५० पेक्षा कमी असणे, हे तरुण रुग्णास रुग्णालयात दाखल करण्याचा विचार करण्याजोगे लक्षण मानले जाते.

आहारतज्ज्ञ जेवणाच्या ठरावीक वेळा व प्रमाण आखून देतात. दीर्घ उपासमारीनंतर अचानक भरपूर आहार दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने घटून जीवास धोका उद्भवतो. यास पुनराहार संलक्षण म्हणतात. यामुळेच 'भरपूर खाऊ घाला' हा घरगुती सल्ला तीव्र कृशतेत घातक ठरू शकतो.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मानसोपचार देतात. ऑक्सफर्ड येथील ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या बोधात्मक वर्तनोपचारात, वजन फार कमी नसलेल्या रुग्णासाठी साधारणपणे २० आठवड्यांत २० सत्रे होतात. कुटुंबाधारित उपचारपद्धती लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात आकारास आली. तीत प्रारंभी जेवणाची जबाबदारी पालक घेतात व ती टप्प्याटप्प्याने रुग्णाकडे परत सोपवतात.

महाविद्यालयीन समुपदेशक उपचार व शिक्षण यांतील दुवा असतात. पथकातील एका सदस्याने समन्वयक असणे महत्त्वाचे ठरते. अन्यथा आहारतज्ज्ञांनी वाढवलेला आहार आणि क्रीडाशिक्षकांनी वाढवलेला सराव परस्परांस छेद देतात.

महाविद्यालयाची भूमिका

मुंबई विद्यापीठाच्या नियमांनुसार ७५ टक्के उपस्थिती अपेक्षित असते. साप्ताहिक उपचारसत्रांमुळे ती घटल्यास वैद्यकीय कारणास्तव सवलतीची मागणी वेळीच करावी लागते. याखेरीज पुढील व्यवस्था उपयुक्त ठरतात.

वसतिगृहाच्या खानावळीत ठरलेल्या वेळी जेवण व मधला अल्पाहार मिळणे;
राष्ट्रीय सेवा योजनेचे निवासी शिबिर, छात्रसेना व क्रीडा यांतील सहभाग डॉक्टरांच्या संमतीनेच असणे;
वर्गात किंवा क्रीडाचाचणीत सर्वांसमक्ष वजन न करणे;
'बारीक झालीस' किंवा 'आता छान भरलास' असे शेरे शिक्षकांनी व सहाध्यायांनी टाळणे.

मित्रांचे काम सोबत बसून जेवणे व ऐकून घेणे एवढेच असते. ताटावर पाळत ठेवणे नव्हे.

कायदेशीर चौकट व गोपनीयता

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक व्यक्तीस शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा आणि आजाराबाबत गोपनीयतेचा हक्क आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी बहुधा १८ वर्षांवरील असल्याने कोणती माहिती प्राध्यापकांना वा पालकांना द्यावी, हे सामान्यतः त्याच्या संमतीने ठरते. जीवितास धोका असल्यास कायद्यात अपवाद आहे. व्यवहारात प्राध्यापकांना निदान कळण्याची गरज नसते, कोणती सवलत द्यायची एवढे कळणे पुरते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संपर्कव्यवस्था ठेवावयाची आहे.

उपलब्ध सेवा व मर्यादा

ठाणे येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ मध्ये स्थापन झाले. मुंबईतील के.ई.एम., नायर व जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मनोविकारशास्त्र विभाग आहेत. बोईसरहून मुंबई रेल्वेने सुमारे १०० किलोमीटर अंतरावर असल्याने दर आठवड्यास जाणे खर्चाचे व थकवणारे असते. त्यामुळे निदान व आढावा मुंबईत, वजन व रक्तचाचण्या स्थानिक डॉक्टरांकडे आणि काही मानसोपचार सत्रे दूरसंवादाद्वारे, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस या राष्ट्रीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे मराठीतही बोलता येते. ही सेवा समुपदेशन व पुढील उपचारांची दिशा देते. मात्र चक्कर येऊन पडणे, छातीत धडधडणे, रक्ताची उलटी किंवा आत्महत्येचे विचार आढळल्यास रुग्णास तत्काळ जवळच्या रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

पुनर्प्राप्ती

वजन पूर्ववत होणे ही बरे होण्याची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. खाण्याविषयीचे भय व अपराधभाव त्यानंतरही बराच काळ टिकू शकतो. परीक्षा, वसतिगृहात प्रवेश किंवा नोकरीचा शोध अशा काळात विकार उलटण्याची शक्यता असते. म्हणून वजन सुधारताच पथक विसर्जित न करता भेटींमधील अंतर हळूहळू वाढवले जाते. उलटण्याची आरंभीची चिन्हे व त्या वेळी कोणाशी संपर्क साधायचा, हे विद्यार्थ्यासोबत आधीच लिहून ठेवले जाते.