घरचा कित्ता: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे मराठी पालक अक्षराच्या सरावासाठी स्वतःच पाने तयार करू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे, कारण मुलाचा हात नेमका कुठे अडतो, हे शेजारी बसणाऱ्या आईबाबांइतके कुणालाच ठाऊक नसते. बाजारातली तयार वही मात्र सगळ्यांसाठी एकच. तरीही काही समजुती अशा रुजल्या आहेत की, त्यांच्यामुळे पालकांची मेहनत आणि मुलांचा उत्साह दोन्ही वाया जातात.

गैरसमज 1: जितके ठिपके गिरवावेत तितके अक्षर सुधारते.

वस्तुस्थिती: गिरवणे ही फक्त पहिली पायरी आहे. अजून लिहिता-वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी काही अक्षरे स्वतःच्या हाताने काढली, काही गिरवली, काही टंकली. नंतर ती पाहताना मेंदूतले वाचनाशी निगडित भाग सर्वाधिक जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी. व्हर्जिनिया बर्निंगर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवून दिले की, क्रमांक घातलेले बाण पाहून, मग अक्षर झाकून आठवणीने लिहिणे सर्वांत उपयोगी ठरते.

म्हणून ओळ अशी आखा: सुरुवातीला बाणांसह एक ठळक नमुना, मग दोन फिकट अक्षरे, मग फक्त आरंभबिंदू दिलेल्या दोन जागा आणि उरलेली ओळ कोरी. शेवटचे अक्षर नमुना झाकून काढायला सांगा. फिकट अक्षरे झेरॉक्समध्ये उडून जातात, तेव्हा शक्यतो प्रिंटच काढा.

गैरसमज 2: इंग्रजीचा चार रेघी साचा मराठीलाही चालतो.

वस्तुस्थिती: इंग्रजी अक्षरे खालच्या रेघेवर बसतात, आपली वरच्या रेघेला लटकतात. मराठीला मधली पट्टी अक्षरासाठी, वर वेलांटी-मात्रांसाठी जागा आणि खाली उकारांसाठी जागा लागते. ती सोडली नाही, तर ‘कु’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘के’च्या मात्रेवर आदळतो.

याहून मोठी चूक शिरोरेषेची. सोय म्हणून पालक ओळभर सलग जाड शिरोरेषा छापतात आणि मुलाला खाली अक्षरे जोडायला सांगतात. पण ध, भ आणि थ यांच्या डोक्यावर शिरोरेषा पूर्ण जात नाही, डावीकडचा भाग मोकळा राहतो. सलग रेघेखाली ‘धर’ लिहिले की ‘घर’ दिसते, ‘भात’चा ‘मात’ होतो. मूल बरोबर लिहूनही चुकीचे ठरते. त्यामुळे वरची रेघ अगदी पुसट ठेवा. शब्दातली अक्षरे आधी काढून शिरोरेषा शेवटी मुलालाच ओढू द्या.

गैरसमज 3: देवनागरी फॉन्ट कोणताही घेतला तरी चालतो.

वस्तुस्थिती: अनेक फॉन्टांमधले ल आणि श हिंदी वळणाचे असतात. मराठीसाठी राज्य शासनाच्या नोव्हेंबर 2022 च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपे आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा मोफत फॉन्ट मराठीसाठीच घडवलेला आहे. काही फॉन्टांमध्ये दस्तऐवजाची भाषा ‘मराठी’ निवडल्यावर ही रूपे आपोआप येतात. ‘लाल’, ‘शाळा’, ‘दऱ्या’ हे शब्द टंकून आधी खात्री करून घ्या. आणि माप पडद्यावर ठरवू नका. 72 पॉइंट म्हणजे एक इंच, पण त्यात मात्रांची जागाही धरलेली असते, त्यामुळे नुसते अक्षर त्याहून बरेच लहान उमटते. छापलेल्या कागदावर पट्टी ठेवून मोजा.

गैरसमज 4: सुरुवात ‘अ’पासूनच करायला हवी.

वस्तुस्थिती: वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या शास्त्रावर बेतलेला आहे. हाताच्या दृष्टीने ‘अ’ हे अवघड अक्षर. सारख्या वळणांची अक्षरे एकत्र घ्या. प जमला की आत तिरकी रेघ देऊन ष आणि उजवीकडे शेपटी काढून फ. व जमला की ब आणि क. ग, म, न एवढी तीनच अक्षरे आली, तरी मन, मग, गगन, नमन असे खरे शब्द लिहिता येतात. त्याही आधी रेघा आणि आकार हवेत. साधारण तिसऱ्या वर्षी मुले पाहून गोल काढतात, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण. त्रिकोणाच्या तिरक्या रेघा जमत नसतील, तर अक्षरांची घाई नको.

गैरसमज 5: बारीक अक्षरांची भरपूर पाने म्हणजे चांगला सराव.

वस्तुस्थिती: समर्थ रामदासांनी दासबोधाच्या 19व्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर फार बारीक नसावे आणि ग्रंथाच्या आरंभापासून अखेरपर्यंत वळण एकसारखे राहावे, हा त्यांचा आग्रह आजही पालकांना कामाचा आहे. पानावरची शेवटची ओळ पहिलीपेक्षा बिघडली असेल, तर पान लांबले असे समजा. उद्या ओळी कमी करा.

गैरसमज 6: पेन्सिल धरण्याची एकच पद्धत बरोबर.

वस्तुस्थिती: चौथीच्या मुलांवरच्या 2012 मधल्या एका अभ्यासात पेन्सिल धरण्याच्या चार प्रचलित पद्धतींमध्ये वेग आणि सुवाच्यता यांत फरक आढळला नाही. हात दुखत नसेल, तर पकड बदलण्याचा हट्ट सोडा. डावखुऱ्या मुलासाठी मात्र नमुना ओळीच्या उजव्या टोकालाही छापा, कारण डावीकडचा नमुना त्याच्या हाताखाली झाकला जातो.

पालकांना एवढीच विनंती: नवे पान आखण्यापूर्वी मुलाने काल लिहिलेल्या ओळी नीट पाहा, अडणारी दोन अक्षरे निवडा आणि पान त्यांच्यासाठीच करा. अक्षर नमुन्याशिवाय उतरू लागले की ते कित्त्यातून काढून टाका आणि मुलाला त्याच्या मनातले काहीतरी लिहू द्या. अक्षर घोटायचे ते त्यासाठीच.