गळका डबा आणि उन्हाळी शाळा

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन तुम्ही घरी येता, दप्तर कोपऱ्यात भिरकावता आणि सुट्टी सुरू होते. सुट्टी नकोशी वाटणारा मुलगा तुम्हांला ठाऊक आहे का? नसेल. मलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हता.

तो आमच्याच इमारतीत राहतो. तेव्हा नऊ वर्षांचा होता. रोज सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी त्याची बस फाटकाशी येते. त्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो नेहमीप्रमाणे गणवेश घालून, दप्तर लावून फाटकाशी उभा राहिला. बस आली नाही. साडेसात झाले, आठ झाले. मग तो दोन्ही कानांवर हात मारून घेत रडू लागला, आणि दहा वाजेपर्यंत रडत राहिला. "आज सुट्टी आहे रे" असे त्याची आई पुनःपुन्हा सांगत होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. जिन्यात मला भेटल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, मी त्याला बसचे चित्र दाखवते, पाण्याच्या पेल्याचे दाखवते, पोळीचे दाखवते. चित्र दाखवले की त्याला कळते. पण सुट्टीचे चित्र कसे काढू?"

मी वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवतो आहे. या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. सुट्टी म्हणजे काय? बस नसणे, घंटा नसणे, बाई नसणे. नसण्याचे चित्र काढायचे कसे?

या मुलाला स्वमग्नता आहे. इंग्रजी नावावरून तिला ऑटिझम म्हणतात. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून हे नाव रूढ झाले. या मुलांना इतरांशी बोलणे-वागणे अवघड जात होते, आणि आपल्या भोवतीच्या गोष्टी जशाच्या तशा राहाव्यात याची त्यांना विलक्षण ओढ होती. स्वमग्नता हा रोग नव्हे, ती संसर्गाने होत नाही, आणि आईबापांच्या वागण्यामुळे तर मुळीच होत नाही. मेंदूची जडणघडणच लहानपणापासून वेगळ्या रीतीने होते. तिची रूपे अनेक आहेत. एखादे मूल एकही शब्द बोलत नाही, तर एखादे गणितात आपल्या गुरुजींच्या पुढे जाते. म्हणून पुढे मी जे सांगणार आहे ते सगळ्या स्वमग्न मुलांना सारखेच लागू पडते असे समजू नका.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत एरिक शॉप्लर यांचे नाव आधी घ्यावे लागते. ते मूळचे जर्मनीतील ज्यू कुटुंबातले. १९३८ साली हे कुटुंब नाझींच्या छळामुळे देश सोडून गेले. पुढे शॉप्लर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात मानसशास्त्राचे काम करू लागले. त्या काळी आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते असे बडी बडी मंडळी सांगत. मुलाला मोकळे सोडा, त्याला हवे ते करू द्या, हा उपाय. शॉप्लरांना हे पटेना. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. त्याच मुलांना काही काळ आखीव पद्धतीने शिकवले, म्हणजे काय करायचे, कोठे करायचे व कधी संपणार हे शिक्षकाने ठरवून दिले. मग काही काळ मुलाच्या मर्जीवर सोडले. असे आलटून पालटून केले. १९७१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आखीव काळात मुलांचे लक्ष अधिक लागत होते, वागणेही अधिक शांत होते. तुलना त्याच मुलांची त्याच मुलांशी होती, हे ध्यानात घ्या. प्रयोगशाळेत आपण एक गोष्ट बदलून बाकीच्या स्थिर ठेवतो, तसेच हे.

पुढच्याच वर्षी, १९७२ साली, नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने ही पद्धत राज्यभर नेण्यासाठी 'टीच' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात आईबापांना दोषी न धरता शिक्षकाचे जोडीदार मानले. कान जे पकडू शकत नाहीत ते डोळ्यांना दाखवायचे, हे त्याचे सूत्र. भिंतीवर चित्रांची ओळ लावायची : बस, टोपली, खाऊ, झोपाळा, बस. एक काम झाले की त्याचे चित्र काढून पाकिटात टाकायचे. म्हणजे 'पुढे काय' हे मुलाला दिसते, आणि 'संपले' हेही दिसते.

पण सुट्टीने एवढेच होत नाही. काही मुलांच्या बाबतीत दुसरी हानी होते, आणि त्या हानीवरून अमेरिकेत मोठा खटला झाला.

पेनसिल्व्हेनिया राज्यात शाळेचे वर्ष १८० दिवसांचे धरत. त्यापुढच्या दिवसांचे शिक्षण सरकारी खर्चाने मिळणार नाही, मूल कोणतेही असो, असा राज्याचा खाक्या होता. इकडे १९७५ साली देशाने कायदा केला होता की प्रत्येक अपंग मुलाला त्याच्या गरजेनुसार योग्य ते शिक्षण मोफत मिळाले पाहिजे. काही पालक न्यायालयात गेले. वर्षभर खपून मूल स्वतःच्या हाताने जेवायला शिकते, आणि सुट्टीनंतर पाहावे तो पुन्हा शून्यावर. मग गरजेनुसार शिक्षण मिळाले असे कसे म्हणावे, हा त्यांचा सवाल. हा खटला 'आर्मस्ट्राँग विरुद्ध क्लाइन' या नावाने ओळखला जातो. १९७९ साली फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला, आणि १९८० साली वरच्या न्यायालयाने १८० दिवसांची ताठर मर्यादा बेकायदा ठरवली. प्रत्येक मुलाला उन्हाळी शाळा द्याच, असे न्यायालय म्हणाले नाही. ते म्हणाले की मुलाकडे न पाहता आधीच 'नाही' म्हणता येणार नाही.

सुट्टीत तर सगळेच विसरतात, तुम्हीही जूनमध्ये बीजगणिताची सूत्रे विसरलेले असता, मग या मुलांचे वेगळे काय? वकिलांनी मांडलेला हा मुद्दा आपण एका डब्याने समजून घेऊ.

दोन रिकामे डबे घ्या. दोहोंच्या तळाला सारखेच बारीक छिद्र आहे आणि दोहोंतून दिवसाला अर्धा मिलिलिटर पाणी गळते असे समजा. (खरे तर पाण्याची उंची कमी झाली की गळतीही मंदावते, पण हिशेब सोपा राहावा म्हणून ती स्थिर धरू.) पहिल्या डब्यावरचा नळ दिवसाला साडेसहा मिलिलिटर पाणी सोडतो, दुसऱ्यावरचा फक्त एक. शाळा चालू असताना पहिल्यात रोज सहा मिलिलिटरची भर पडते, दुसऱ्यात अर्ध्याची. आता साठ दिवस दोन्ही नळ बंद करा. दोन्ही डब्यांतून प्रत्येकी तीस मिलिलिटर गळून जाईल. म्हणजे विसरणे सारखेच! नळ पुन्हा सोडल्यावर पहिला डबा पाच दिवसांत पूर्वीच्या खुणेवर येतो. दुसऱ्याला पुरे साठ दिवस लागतात. १८० दिवसांच्या वर्षातले साठ दिवस गेले, आणि हाती आले ते केवळ गेल्या वर्षीचेच. दुसऱ्या डब्याचे छिद्र दुप्पट मोठे असेल तर काय होईल, हे तुम्हीच मांडून पाहा. उत्तर पाहून मी स्वतः थोडा गप्प झालो होतो.

याच डब्यातून आणखी एक गोष्ट निघते. सुट्टीत दुसऱ्या डब्याची पातळी नुसती टिकवायची असेल तर पूर्ण नळ सोडावा लागत नाही. दिवसाला अर्धा मिलिलिटर पुरे, म्हणजे निम्मा नळ. अमेरिकेतील अशा उन्हाळी शाळा बहुधा काही आठवडेच आणि अनेकदा अर्धा दिवसच का असतात, याचे मर्म येथे आहे. तेथे नवा धडा घेण्यापेक्षा आलेले टिकवण्यावर भर असतो.

अर्थात मूल म्हणजे डबा नव्हे. एखादे मूल काहीच विसरत नाही, पण दिनक्रम मोडल्यामुळे सैरभैर होते. एखादे सुट्टीत आजीकडे राहून शाळेत शिकले नसते ते शिकून येते. म्हणून अंदाजावर न जाता मोजावे लागते. समजा, तहान लागल्यावर पेल्याचे चित्र उचलून देणे ही गोष्ट मूल शिकते आहे. सुट्टीपूर्वी दहा वेळांपैकी किती वेळा जमले, सुट्टीनंतर किती वेळा जमले, आणि पूर्वीच्या आकड्यावर यायला किती दिवस लागले, हे शिक्षकाने वहीत लिहायचे. घसरण आणि भरपाई, असे हे दोन आकडे. नुसती घसरण पाहून काही ठरत नाही. भरपाईला लागलेला काळ सुट्टीच्या मानाने किती, हे पाहायचे. मात्र दर वेळी मुलाने आधी शिकलेले गमावून दाखवलेच पाहिजे, असाही हट्ट धरता येत नाही. १९९० साली ओक्लाहोमा राज्यातील एका खटल्यात न्यायालयाने सांगितले की पुढे काय होऊ शकेल याचा साधार अंदाजही विचारात घ्या. आज पेनसिल्व्हेनियाच्या नियमांत तीव्र अपंगत्वाच्या मुलांबरोबर स्वमग्न मुलांचाही नावाने उल्लेख आहे. त्यांच्या उन्हाळी शाळेचा विचार २८ फेब्रुवारीच्या आत करायचा आणि निर्णय ३१ मार्चपर्यंत पालकांना लेखी कळवायचा असतो. निर्णय पटला नाही तर दाद मागायला वेळ उरावा, हा हेतू. सरकारी कामात तारखेचे मोल किती असते, हे ज्याने एकदा तरी अर्ज केला आहे त्याला सांगायला नको.

उन्हाळी शाळा म्हणजे केवळ वर्ग नव्हे. गरज असेल तर तिच्याबरोबर बोलण्याचे उपचार, बटण लावणे, चमचा धरणे यांसारखी हातांची कामे शिकवणारे व्यवसायोपचार आणि ने-आण करणारी बस, हे सारे त्यात येते. पालकांना त्याचे पैसे पडत नाहीत. आणि खोलीही पाहावी लागते. येथे मात्र माझा विषय येतो, तेव्हा थोडे थांबतो.

अनेक स्वमग्न मुलांना आवाज असह्य होतो. पंख्याची घरघर, बाकांची खरखर, आणि मुख्य म्हणजे निनाद. रिकाम्या सभागृहात टाळी वाजवा. टाळी थांबली तरी आवाज काही काळ रेंगाळतो. तो निनाद. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळात वक्ता पुढची बारा-पंधरा अक्षरे सहज बोलून जाई आणि सगळ्यांची खिचडी होई. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत निनाद मोजला, आणि सकाळच्या आत त्या परत नेऊन ठेवल्या. मऊ पृष्ठभाग वाढला की निनाद घटतो, हे त्याने आकड्यांत दाखवले. २००२ सालच्या अमेरिकन मानकाप्रमाणे साध्या वर्गखोलीचा निनाद ०.६ सेकंदापेक्षा जास्त नसावा. आपल्या सिमेंटच्या खोल्यांत टाळी वाजवून पाहा, आणि मग तेथे सतरंजी पसरून, जाड पडदे लावून पुन्हा वाजवा. शिक्षक बंधुभगिनींना हा प्रयोग एका तासात करता येईल, खर्च काहीच नाही.

आपल्याकडे कायद्याची रचना उलटी आहे, आणि ते मला महत्त्वाचे वाटते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० कामाचे दिवस सांगितले आहेत. किमान, कमाल नव्हे. पेनसिल्व्हेनियात १८० दिवसांचे छत झाले होते. आपल्या कायद्यात आहे ती जमीन. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे. निदान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात दिला आहे. तेव्हा मे महिन्यात शाळेची एक खोली दोन तास उघडी ठेवावी, असे एखाद्या मुख्याध्यापकांना वाटले तर हे दिवसांचे आकडे त्यांच्या आड येत नाहीत.

आमच्या इमारतीत पुढच्या वर्षी काय झाले, ते सांगतो. सुट्टीचे चित्र काढता येत नाही हे आम्ही मान्य केले आणि नसण्याऐवजी असण्याचे चित्र काढले. मोठ्या दिनदर्शिकेवर शाळेच्या प्रत्येक दिवशी बस चिकटवली. मे महिन्याच्या प्रत्येक चौकोनात बसच्या जागी आमच्या इमारतीचा जिना चिकटवला, कारण सकाळी सात वीसला तो दप्तर घेऊन आमच्या घरी वरच्या मजल्यावर येणार असे ठरले. साडेनऊपर्यंत तो, त्याची आई आणि मी, तिघे टेबलाशी बसत असू. पेल्याचे चित्र, बटणे, मण्यांची ओळ. मग जूनमध्ये पुन्हा बस.

पहिल्या दिवशी तो फाटकाशी गेला, पाच मिनिटे उभा राहिला, दिनदर्शिका पाहायला परत आला, आणि जिना चढू लागला. त्याच्या आईने वहीत सुट्टीआधीचे व नंतरचे आकडे लिहिले आहेत. त्या वर्षी भरपाईला आदल्या वर्षापेक्षा कमी दिवस लागले. वर्षभरात तो वयाने वाढलाही होता, तेव्हा श्रेय कशाचे हे एका वहीवरून ठरणार नाही. मी त्यांना सांगितले, वही चालू ठेवा, वहिनी. या मे महिन्याची पाने त्यांनी आखून ठेवली आहेत.