जावक ई-मेलवर मर्यादा : का आणि किती?

कार्यालयाच्या मेल सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या ई-मेलच्या संख्येला मर्यादा घातली, की अनेकांना तो जाच वाटतो. परंतु एखाद्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड परक्याच्या हाती पडल्यास त्याच्या नावे एका रात्रीत हजारो फसवी पत्रे रवाना होऊ शकतात. पत्रे स्वीकारणारे सर्व्हर पाठविणाऱ्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याचा लौकिक पाहतात. तो एकदा बिघडला, म्हणजे दोष एकाचा असूनही पत्रे मात्र साऱ्या कार्यालयाची अडतात.

उदाहरणादाखल पोस्टफिक्स ही बहुप्रचलित प्रणाली घेऊ. तीत एका यंत्राकडून ६० सेकंदांत किती पत्रे घ्यावीत, हे ठरविता येते. तथापि, हा आकडा मूळचा शून्य असतो, आणि येथे शून्याचा अर्थ ‘एकही नाही’ असा नसून ‘कितीही’ असा आहे! बरे, आकडा भरला तरी अंतर्गत म्हणून नोंदलेल्या यंत्रांना तो आपोआप लागू होत नाही. शिवाय मोजणी यंत्राच्या पत्त्यावरून होते, वापरकर्त्याच्या नावावरून नव्हे. चोराने शंभर यंत्रांवरून थोडी थोडी पत्रे पाठविल्यास ही मर्यादा त्यास शिवतही नाही. यास्तव लॉगिन-नावागणिक हिशेब ठेवणारी स्वतंत्र सेवा पोस्टफिक्सला जोडणे इष्ट होय. हा हिशेबही पत्रांचा नव्हे, तर पत्र ज्यांना जाते त्या पत्त्यांचा असावा.

मर्यादा किती असावी? अंदाजाने आकडा ठरवू नये. मागील काही महिन्यांच्या नोंदी काढून सर्वांत गर्दीचा दिवस पाहावा व त्याहून थोडी अधिक मर्यादा ठेवावी. जीमेलच्या विनामूल्य खात्यास दिवसाला साधारण ५०० पत्त्यांची मर्यादा असते. सामान्य टेबलावर एवढीही क्वचितच लागते. वेतनपत्रके व परिपत्रके यांसाठी मात्र वेगळे मेल-खाते आणि मोठी मर्यादा हवी, अन्यथा महिनाअखेरीस आपलेच टपाल आपण अडवून बसू.

मर्यादा ओलांडणारे पत्र सरसकट नाकारण्याऐवजी रोखून ठेवण्याची सोय पोस्टफिक्समध्ये आहे. पत्र खरे असेल तर ते सोडता येते. मात्र असे रोखलेले पत्र प्रशासकाने हात घातल्यावाचून हलत नाही, म्हणून ही रांग रोज सकाळी पाहणे कोणा एकाच्या कामात लेखी नेमून द्यावे. तो रजेवर असेल त्या दिवसासाठी दुसऱ्याचे नावही.