माणसाला वाट, बंदुकीला नाही

दिवाळीनंतर चार दिवस सिल्वासाला भाच्याकडे जाऊन आलो. भाचा निपाणीचा, त्याची बायको धारवाडकडची. पोटासाठी दोघे तिकडे गेले आहेत, तो धाग्याच्या कारखान्यात पाळीवर आहे. घरात आपल्यासारख्याच दोन भाषा. मुलगा आईशी कानडीत भांडतो, बापाकडे मराठीत तक्रार करतो आणि गल्लीत गुजराती-हिंदीत खेळतो.

वापीला रेल्वेतून उतरले की सिल्वासा जवळच. पण तेवढ्या अंतरात गुजरात, मग दादरा, पुन्हा गुजरात आणि मग नगर हवेली. हद्द बदलल्याचे कळते ते दारूच्या दुकानांच्या पाट्यांवरून, कारण गुजरातेत दारूबंदी. भाचा हसून म्हणाला, “मामा, आपल्याकडे एकच सीमा, तर एवढी भांडणं. इथं तासाभरात तीन वेळा सीमा लागते, तरी कुणाला काही वाटत नाही.”

मी म्हटले, “आता वाटत नाही. पूर्वी वाटत होतं.” आणि त्या रात्री जेवताना जुन्या गोष्टी निघाल्या.

हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला तो आपल्याच पुण्याहून. १७७९ च्या तहात पेशव्यांनी एका पोर्तुगीज जहाजाच्या नुकसानीची भरपाई म्हणून इथल्या गावांचा महसूल त्यांना लावून दिला. कागद पुण्यात झाला, गावे इथली गेली. रानात राहणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया माणसांना कुणी विचारले असेल असे वाटत नाही. नकाशावर रेघ ओढणारा आणि त्या रेघेवर राहणारा, हे दोघे बहुधा वेगळेच असतात. सीमाभागातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

पावणेदोनशे वर्षांनी पुण्या-मुंबईचीच पोरे तो मुलूख सोडवायला निघाली. २२ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मास्करेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या कार्यकर्त्यांनी दादरा घेतले. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो आपली माणसे घेऊन खानवेलच्या बाजूला मागे सरला होता, तोही ११ ऑगस्टला शरण आला.

सिल्वासावर चालून गेलेल्यांत राजा वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते आणि आपल्या कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडकेही होते. या लढ्याच्या निधीसाठी लता मंगेशकरांनी गाण्याचा कार्यक्रम केला होता. ऑगस्ट १९५४ मध्ये बाबूजी या मोहिमेत होते आणि १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. मध्ये जेमतेम आठ महिने. गदिमांचे शब्द आणि बाबूजींचा आवाज ऐकायला लोक दर आठवड्याला रेडिओला हार घालून बसत. ज्या माणसाने जिवावर उदार होऊन लढाईत उडी घेतली, त्याच माणसाने घराघरांतल्या आयाबायांचे डोळे ओले केले. मग त्यातला खरा माणूस कोणता? मला वाटते, दोन्ही. माणूस एकाच सुराचा असता तर त्याचे गाणे झालेच नसते.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धीच होईल. दादऱ्याच्या त्या रात्री पोलीस चौकीतले फौजदार अनिसेतो दो रोझारियो आणि शिपाई अँतोनियो फर्नांडिस मारले गेले. ते राजवटीच्या बाजूला उभे होते, हे खरे. पण त्यांच्या घरीही कुणीतरी वाट पाहत असेल. मुक्तीचा आनंद मानावा, तो मानण्यासारखाच आहे. तो मानताना ही दोन नावेही घ्यावीत. आपल्या बाजूचा मेला तर हुतात्मा आणि पलीकडचा मेला तर नुसता आकडा, हा माणसाचा जुना स्वभाव आहे. माणुसकी म्हणजे त्या स्वभावाला थोडी मुरड घालणे.

पुढची गोष्ट तर मला फारच आवडते. मुक्त झालेला हा मुलूख सात वर्षे कुठल्याच राज्यात नव्हता. वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. तिकडे पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर खटला भरला. दमणहून आमच्या गावांत जायची वाट भारताने अडवली, अशी तक्रार होती. निकाल लागला १२ एप्रिल १९६० ला. न्यायालय म्हणाले, साधी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्या-येण्याचा हक्क होता. सैन्य, हत्यारी पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना नव्हता. आणि १९५४ मध्ये तणावाच्या वेळी भारताने वाट रोखली, त्यात त्याने आपले बंधन मोडले नाही. पुढच्या वर्षी, ११ ऑगस्ट १९६१ ला, हा भाग रीतसर भारतात आला. करारावर सही करायला कुणीतरी प्रमुख हवा, म्हणून बदलाणी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान केले होते!

कायद्याच्या त्या किचकट निकालातले मर्म भाचेसुनेने एका वाक्यात सांगितले. ताटात भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, “म्हणजे मामा, माणसाला वाट होती, बंदुकीला नव्हती.”

मला एकदम कोगनोळीचा नाका आठवला. काही वर्षांमागे घरचे लग्न होते आणि नेमक्या त्याच दिवशी दोन्हीकडच्या एसटी बंद. वऱ्हाड नाक्याअलीकडे उतरले. बायका पैठण्या सावरत, पोरे आहेराच्या पिशव्या घेऊन चालत पलीकडे गेली. नवऱ्या मुलाच्या म्हाताऱ्या आजीला चालवेना. पलीकडच्या एका टेंपोवाल्याने काही न विचारता तिला पुढे बसवून घेतले. त्याच्या टेंपोवर लाल-पिवळा झेंडा होता. पैसे देऊ केले, तर म्हणाला, “अज्जीकडून पैसे घेऊ काय?” त्या दिवशी गाड्या अडल्या, झेंडे अडले, माणसे मात्र गेली.

तो टेंपोवाला दुसऱ्या दिवशी घोषणा देणाऱ्या गर्दीतही असू शकेल. मीही आपल्या बाजूच्या मोर्चात कधी काळी ओरडलो आहे. गर्दीत असतो तो मीच आणि आजीला हात देणाराही मीच. माणूस मुळात चांगला की वाईट, यावर पंडितांनी वाद घालावेत. आपल्यासारख्या घरांत दुसराच प्रश्न रोज पडतो. समोर आलेल्यात आधी काय पाहायचे? त्याची भाषा, की त्याची दमलेली पावले?

२०२० च्या प्रजासत्ताक दिनी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. नकाशा पुन्हा बदलला. दमणगंगा होती तिथूनच वाहते आहे. पाळी सुटली की कारखान्यांच्या फाटकातून नाना मुलखांची माणसे बाहेर पडतात आणि चहाच्या गाड्यावर खेटून उभी राहतात.

निघायच्या दिवशी सकाळी शेजारच्या गुजराती बा दारात आल्या. सुनेने सवयीने त्यांना विचारले, “ऊट आतेन्री?” आणि मग स्वतःच हसली. बांना एक अक्षर कळले नसणार. पण त्यांनी पोटावर हात ठेवून मान डोलावली आणि वाटीभर खमण तिच्या हातात दिले.

जेवलात का, हे विचारणे कुठल्याही भाषेत कळते. वाचकहो, आपल्या मुलांना दोन भाषा आपण शिकवतोच. हा एक प्रश्न मात्र दोन्हींत आधी शिकवू या.