‘पाप्याचें पितर’ : एका वाक्प्रचाराचा विचार

अंगानें अति कृश असलेल्या मनुष्यास आपण ‘पाप्याचें पितर’ म्हणतों. गिरगांवांतील चाळींत काय किंवा दादरच्या हिंदु कॉलनींत काय, न जेवणाऱ्या मुलास उद्देशून हा शब्द कधींच उच्चारला गेला नाहीं, असें घर विरळा. म्हणून त्याच्या अर्थाचा थोडा विचार करूं.

कृशतेसाठीं मराठींत शब्दांची वाण नाहीं. ‘सडपातळ’ व ‘शेलाटा’ हे कौतुकाचे. ‘रोड’ केवळ वर्णनाचा. ‘लुकडा’ व ‘हडकुळा’ यांत थट्टा आहे. ‘खंगलेला’ म्हटलें कीं रोगाची वा चिंतेची छाया आली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील २१ व्या अध्यायांत आठ निंदित शरीरें सांगितलीं आहेत. त्यांत अतिकृश हें एक आहे. मात्र अतिस्थूलतेपेक्षां कृशता बरी, असाही निर्वाळा तेथें दिला आहे.

‘पाप्याचें पितर’ हा शब्द मात्र शरीरापाशीं थांबत नाहीं. वंशजांनीं दिलेल्या पिंडानें व तर्पणानें पितर तृप्त होतात, ही आपली परंपरागत समजूत. भाद्रपद वद्य पक्षांत महालय करणाऱ्या, सर्वपित्री अमावास्येस वाळकेश्वरच्या बाणगंगेवर जाणाऱ्या मंडळींस ती सांगावयास नको. वंशज पापी निघाला, तर पितरांस पिंड पोंचत नाहीं व ते उपाशी राहून अस्थिपंजर होतात. म्हणजे या शब्दांतील पाप कृश झालेल्याचें नव्हे; ज्यानें त्यास अन्न द्यावयाचें, त्याचें आहे!

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते. परळ-लालबागच्या कित्येक घरांत दोन वेळच्या अन्नाची भ्रांत पडली. तेथील एखाद्या वाळलेल्या मुलास कोणी ‘पाप्याचें पितर’ म्हटलें असतें, तर पापी कोण ठरला असता? तें मूल खचित नव्हे.

आपल्या घरांतही हाच न्याय लागू आहे. आजी नातवास या नांवानें हांक मारते, तेव्हां ती नकळत आपल्याच स्वयंपाकघरावर दोष घेते. मुलाची कृशता कधीं उपजत ठेवणीची असते, कधीं जंतांची वा क्षयाची; आणि वयांत आलेल्या मुली थट्टेच्या भयानें मुद्दाम उपाशीही राहतात. तेव्हां वडीलधाऱ्यांनीं त्याच्या ताटाकडे पाहावें, जरूर तर वैद्य-डॉक्टरांस दाखवावें, आणि बोलावयाचेंच तर ‘रोड झालास रे’ एवढेंच म्हणावें. त्यांत काळजी आहे, आणि पाप कोणाचेंच नाहीं.