आजोबांचा पट्टा, बाजारातला पट्टा

इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात जुन्या लढायांचे प्रसंग उभे करणारी हौशी मंडळी आपण पाहतो. त्यांच्या खांद्यावरची ली-एनफिल्ड रायफल एखाद वेळी अस्सल असते. पण तिचा सुती पट्टा, संगिनीचे म्यान, दस्त्यातल्या झडपेआड ठेवायची तेलाची कुपी आणि नळी साफ करायची दोरी बऱ्याचदा नव्याने बनवलेली असते. त्यात गैर काही नाही. नक्कल वापरली की अस्सल वस्तू जपली जाते. गैर आहे ते नक्कल जुनी म्हणून विकणे. जुन्या पट्ट्यावर कारखान्याचा शिक्का नि साल असते, पण शिक्क्याचीही नक्कल होते.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींच्या हातीही ली-एनफिल्डच होती. तिथल्या पराक्रमासाठी यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (१९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तेव्हा मंडळी, आपल्यापैकी कुणाच्या ट्रंकेत आजोबांचा असा पट्टा असेल, तर तो धुऊन चकचकीत करू नका, विकायची घाई नको. कोणाचा, कोणत्या पलटणीतला, एवढे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.