क्रमांक पाहावा की काम?

'आवृत्ती' हा शब्द मुळात पुस्तकाच्या घरातला. पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, सुधारून वाढविलेली आवृत्ती असे आपण म्हणतो. परंतु एखाद्या काव्यसंग्रहाच्या पाचशेच प्रती निघाल्या म्हणून आतली कविता चांगली, असे कोणी मानीत नाही. प्रती थोड्या निघाल्या, एवढाच त्याचा अर्थ. मात्र हाच शब्द पुस्तकांच्या कपाटातून निघून शोभेच्या वस्तूंच्या कपाटात जाऊन बसला, की त्याला भलतेच तेज चढते. 'मर्यादित आवृत्ती' हे दोन शब्द पेटीवर छापलेले दिसले, की एरवी कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करणारी माणसेही वस्तू न पाहताच पैसे मोजायला तयार होतात.

जपानी पुतळ्यांच्या बाबतीत हे फार घडते. 'ॲनिमे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी चलत्‌चित्रांतली पात्रे आता आपल्याकडच्या मुलांना चांगली परिचयाची आहेत. टपोरे डोळे, इवलेसे नाक, वाऱ्यावर उडणारे निळेहिरवे केस, हा त्यांचा थाट. त्या पात्रांच्या वीतभर उंचीच्या पुतळ्यांना जपानी माणूस 'फिग्युआ' म्हणतो. इंग्रजी 'फिगर'चेच ते जपानी रूप. मुलगा म्हणतो, ही बाहुली नव्हे, संग्राह्य कलावस्तू आहे. आई म्हणते, एवढ्या पैशांत घरात काय काय आले असते! जपानात अशा चांगल्या पुतळीला आज पंधरा ते पंचवीस हजार येन सहज पडतात. जकात आणि टपालहशील वेगळे. तेव्हा आईचे म्हणणे खोटे नाही. मुलाचे खरे की खोटे, हे मात्र पुतळी हातात घेऊन पाहिल्याखेरीज ठरत नाही. ते पाहायचे कसे, हाच या लेखाचा विषय.

थकणारा साचा, न थकणारा साचा

आधी 'मर्यादित' या विशेषणाचा उगम पाहू. जपानात १९८० नंतर हौशी कारागिरांनी घरच्या घरी पुतळ्या घडवायला सुरुवात केली. मूळ नमुना हाताने कोरायचा, त्यावरून सिलिकोन रबराचा साचा काढायचा, आणि त्यात राळ ओतून एकेक भाग तयार करायचा. ओसाका भागात १९६४ साली एक छोटे दुकान म्हणून सुरू झालेली 'काइयोदो' ही संस्था या चळवळीतूनच नावारूपाला आली. या हौशी मंडळींचा 'वंडर फेस्टिव्हल' नावाचा मेळा १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून भरू लागला. १९९२ साली काइयोदोने त्याची सूत्रे हाती घेतली, आणि २००९ पासून तो तोक्योशेजारच्या चिबा प्रांतात माकुहारी येथे भरत आला आहे. पात्रांचे हक्क ज्यांच्याकडे असतात, ते धनी या मेळ्यापुरती, केवळ त्या एका दिवसासाठी, विक्रीची परवानगी देतात. संध्याकाळ झाली की परवानगी संपली!

त्या काळची मर्यादा खरी होती. रबराचा साचा काही डझन पुतळ्या दिल्या की फाटू लागतो, कडा झिजतात, बारकावे पुसट होतात. साचाच थकत असे, म्हणून वस्तू थोड्या निघत. आजच्या कारखान्यातला साचा पोलादी असतो. त्यात पीव्हीसी आणि एबीएस ही प्लॅस्टिके दाबाने भरली जातात, आणि तो हजारोंच्या संख्येने नग देऊनही थकत नाही. म्हणजे आजची मर्यादा बहुधा पदार्थातून येत नाही. ती हिशेबनिसाच्या वहीतून येते. यात पाप काही नाही. पण ग्राहकाने हा फरक ओळखला पाहिजे.

ही मर्यादाही तीन तऱ्हांची असते. नग मोजून काढलेले, प्रत्येकावर क्रमांक घातलेला, ही पहिली तऱ्हा. ठरावीक मुदतीत जेवढ्या मागण्या येतील तेवढेच नग काढायचे, ही दुसरी. यात मागण्या दहा हजार आल्या तर नगही दहा हजार! तिसरी तऱ्हा स्थळाची : अमुक मेळ्यात किंवा अमुक दुकानातच मिळणार. पुष्कळदा या तिसऱ्या प्रकारात मूळ पुतळी तीच असते. रंग बदललेला असतो किंवा जोडीला एखादा जास्तीचा चेहरा दिलेला असतो. पुन्हा, साचा शाबूत असल्याने लोकप्रिय पुतळीचे नवे उत्पादन निघते, आणि काल दुप्पट भावाने घेणारा आज कपाळाला हात लावतो. तात्पर्य, पेटीवरचा शब्द संख्या सांगतो, आणि तीही नेहमी सांगतोच असे नाही. गुण सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

मिकूची परीक्षा

उदाहरणासाठी एकच पात्र घेऊ : हात्सुने मिकू. ही एखाद्या कथेची नायिका नव्हे. साप्पोरो शहरातल्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी बाजारात आणलेल्या, संगणकाकडून गाऊन घेणाऱ्या एका योजनेची ही मुखमुद्रा. वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, गुडघ्यांच्याही खाली जाणाऱ्या दोन मोरपंखी वेण्या, आणि डाव्या दंडावर तांबड्या रंगात '०१' हा आकडा. तिच्या पुतळ्या इतक्या कंपन्यांनी, इतक्या परींनी काढल्या आहेत, की परीक्षेला हिच्यासारखी उमेदवार नाही.

पहिली गोष्ट मापाची. एक-अष्टमांश प्रमाणाची मिकू २० सेंटिमीटरांच्या आसपास भरली पाहिजे, एक-सप्तमांशाची साडेबावीसच्या. जाहिरातीत मात्र पुष्कळदा बैठकीसह आणि उडत्या केसांच्या टोकापर्यंतची उंची दिलेली असते. शिवाय जाहिरातीतले छायाचित्र विक्रीच्या पुतळीचे नसते. ते निष्णात रंगाऱ्याने सावकाश हाताने रंगविलेल्या नमुन्याचे असते. दुरून डोंगर साजरे, म्हणतात ते इथे अक्षरशः खरे आहे. नमुना आणि नग यांतले अंतर जितके कमी, तितकी कंपनी चांगली.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. जपानच्या हिना बाहुल्यांच्या परंपरेतही मस्तक घडविणारा कारागीर वेगळा असतो, कारण बाहुलीचा जीव चेहऱ्यात. कारखान्यातल्या पुतळीचे डोळे बहुधा छापलेले असतात : कोरलेल्या पत्र्यावरची शाई सिलिकोनची मऊ गादी उचलते आणि गालाच्या गोलाईवर दाबते. एकेक रंगाचा एकेक छाप. त्यातला एखादा छाप केसभर सरकला, तरी हसरी मुलगी तिरळी दिसू लागते. म्हणून पुतळी टेबलावर ठेवून वरून पाहू नये; तिच्या डोळ्यांच्या पातळीला आपले डोळे आणावेत आणि तिला सावकाश फिरवावी. एका जागी येताच ती आपल्याकडे पाहू लागली, तर मूळ शिल्पकाराचा हेतू शेवटपर्यंत टिकला असे समजावे.

तिसरी गोष्ट सांध्यांची. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात, तिथे बारीक रेघ उठते; प्लॅस्टिक जिथून आत शिरते, तिथे ठिपका राहतो. हे कोणालाही टळत नाही. चांगला कारागीर ती रेघ केसांच्या बटेत, कॉलरच्या कडेला किंवा बाहीच्या आत लपवितो. सुमार कारागीर ती गालावरून किंवा दंडावरून नेतो. मिकूच्या वेण्या डोक्याला जिथे जोडल्या आहेत, तिथे फट दिसते का, ते नखाने चाचपून पाहावे.

चौथी गोष्ट रंगाची. त्वचा आणि मोजे, बाही आणि कापडाची किनार, अशा सीमारेषांवर रंग पलीकडे सांडला आहे का? त्वचेवर तेलकट चकाकी आहे, की फवाऱ्याने दिलेली मंद गुलाबी छटा गुडघ्यांवर आणि बोटांच्या टोकांवर उतरली आहे? वेणीचा रंग मुळापासून टोकापर्यंत एकसारखा फासलेला आहे, की हळूहळू फिका होत गेला आहे? आणि तो '०१' : त्याच्या कडा स्पष्ट आहेत का? नकली मालात अशा ठिकाणी हटकून गफलत सापडते. चेहरा चोपडा, वास उग्र, पेटीवरची छपाई धुरकट आणि हक्कधारकांची नावे गायब, ही नकली मालाची लक्षणे. भाव फारच स्वस्त असेल तर त्या मालात मूळ शिल्पकाराच्या कष्टांचा एक पैसाही नाही, हे ओळखावे.

पाचवी आणि सर्वांत कठीण गोष्ट तोलाची. मिकू पुष्कळदा एका पायावर, वाऱ्यात झेपावताना दाखवितात. दोन लांब वेण्यांचा भार एका नाजूक घोट्यावर येतो. पीव्हीसी उष्णतेने मऊ पडते, आणि वर्षा-दोन वर्षांत पुतळी म्हातारीसारखी वाकू लागते. म्हणून पायातून धातूची सळई गेली आहे का, बैठकीतली खुंटी घट्ट आहे का, वेणीला खालून आधार आहे का, हे पाहावे. विदर्भातला उन्हाळा सोसणाऱ्या घराने तर हे आधी पाहावे. ऊन थेट पडेल अशा खिडकीत पुतळी कधीच ठेवू नये, रंग पिवळटतो.

न उघडलेली पेटी

आता या व्यवहारातली गंमत सांगतो. तोक्योच्या नाकानो भागात 'मांदाराके' हे १९८० साली जुन्या पुस्तकांचे दुकान म्हणून सुरू झालेले घर आज अशा वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. जपानातल्या या धंद्यात पुतळीला वेगळी प्रत आणि पेटीला वेगळी प्रत देण्याची रीत आहे. जपानी माणसाचा पेटीविषयीचा आदर जुना आहे. चहाच्या विधीतल्या वाडग्यालाही घडविणाऱ्याच्या सहीची लाकडी पेटी असली, की त्याचे मोल वाढते. तिला 'तोमोबाको' म्हणतात. पण तो वाडगा पेटीतून काढून त्यातून चहा पितात! पुतळीच्या बाजारात मात्र सर्वांत चढा भाव येतो तो कधीच न उघडलेल्या पेटीला. म्हणजे डोळे, सांधे, रंग, तोल यांपैकी काहीही नीट पारखलेले नाही, आणि तरीही ती 'उत्तम'!

शिवाय बंद पेटी निर्धोक असते, हाही भ्रमच. पीव्हीसीला मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते. हवा खेळत नसेल तर ते तिथेच साचून पुतळी चिकट होते. गडद कपड्याचा रंग फिक्या त्वचेला लागतो. म्हणून तर चांगल्या कंपन्या दोहोंमध्ये पातळ पारदर्शक कागद घालतात. चिकट झालेली पुतळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येते. पण चिकट झाली आहे हे कळायला ती आधी पेटीबाहेर यायला हवी ना!

हात कोणाचे?

पेटीच्या कोपऱ्यात पुष्कळदा मूळ नमुना घडविणाऱ्याचे नाव असते. त्याला 'गेन्केइशी' म्हणतात. पूर्वी तो लांबी आणि कोरणी घेऊन बसे. आता बहुतेक जण संगणकाच्या पडद्यावर कोरतात. जाणते संग्राहक कवीच्या नावावर पुस्तक घ्यावे तसे गेन्केइशीचे नाव पाहून पुतळी घेतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या नावामागे आणखी हात आहेत. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या कारखान्यांत, रांगेत बसलेले कामगार एकेक मुखवटा लावून एकेक छटा फवारतात. एकीच्या हातून गाल, दुसरीच्या हातून वेणीचे टोक. २०१० नंतरच्या दशकात गुड स्माइल कंपनीने जपानमध्येच, तोत्तोरी प्रांतातल्या कुरायोशी गावी, असे काम सुरू केले. या रंगाऱ्यांची नावे कोणत्याही पेटीवर नसतात. नखावर मावणारी किनार न सांडता रंगविणे हा मात्र त्यांचाच पराक्रम असतो, आणि ती पाहणारा डोळा मिळाला नाही तर तो वायाच गेला म्हणायचे.

म्हणून घरात अशी पुतळी येणारच असेल, तर आईवडिलांनी किंमतीवरून वाद घालण्याऐवजी मुलाला एवढेच सांगावे : पेटी उघड, आणि मला दाखव, की यात चांगले काय आहे. डोळा, सांधा, रंग, तोल यांवर बोट ठेवून जो मुलगा हे दाखवू शकतो, त्याने पैसे वाया घालविले असे म्हणवत नाही. तो पारख शिकला, आणि ही विद्या पुढे साडीच्या काठापासून घराच्या गिलाव्यापर्यंत सर्वत्र उपयोगी पडते. जो केवळ क्रमांक दाखवितो, त्याने मात्र एक आकडा विकत घेतला आहे. आकडे तर दिनदर्शिकेवरही असतात, आणि दिवाळीत ती फुकट मिळते!